वायल्डर साहेबांची शाळा

कोल्हापूरच्या माणसाला वायल्डर हे नाव नवीन नाही. वायल्डर मेमोरियल चर्च कुठं आहे म्हणून विचारलं तर रिक्षावाला फारसा विचार न करता सांगतो. नाताळ आला की पेपरात त्या चर्चचा फोटो येतो, रोषणाई बघायला आपल्यातले कितीतरी जण जातातसुद्धा. पण हे वायल्डर कोण, असं विचारून बघा. असेल कुणीतरी जुना इंग्रज साहेब, एवढंच उत्तर मिळतं. मी आमच्या वर्गात विचारून बघितलं, म्हणून खात्रीनं सांगते. तर पहिली गोष्ट ही, की ते इंग्रज नव्हतेच. अमेरिकन होते. आणि दुसरी गोष्ट, त्यांचं सगळ्यात मोठं भांडण कोल्हापूरच्या लोकांशी झालंच नाही, ते झालं त्यांना इथं पाठवणाऱ्या त्यांच्याच संस्थेशी. भांडणाचा विषय होता शाळा. त्यासाठीच हा लेख.

मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल की ही वाडी रत्नागिरीची मुलगी, म्हणजे साक्षात जोतिबाच्या डोंगरावरची, हिला पाद्र्याचं चरित्र लिहायचं काय सुचलं! आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या गुलाल-खोबरं आणि दवण्याचा धंदा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या नाचायला लागल्या की आमच्या घरात कुणाला जेवायला वेळ नसतो. पण याच डोंगरावरून उत्तरेला खाली बघितलं की कोडोली दिसते. बारावीपर्यंत मी रोज कोडोलीला जात होते. तिथं मिशनचं काम १८९३ पासूनचं. पश्चिमेला पन्हाळा, तिथंही १८७७ साली मिशन पोचलेलं. म्हणजे आमच्या डोंगराच्या दोन्ही बाजूंना हे लोक येऊन राहिले होते, आणि या सगळ्याची सुरुवात एका माणसापासून झाली होती. शिवाय मासिकात दरवर्षी विश्वेश्वरय्या आणि कलाम सर यांच्यावर चार-चार लेख येतात. म्हटलं यंदा दुसरं काहीतरी वाचा!

वायल्डरांकडं वळण्याआधी प्रेस्बिटेरियन हा अवघड शब्द सोडवून टाकू. ख्रिस्ती धर्मात पंथ बरेच आहेत. त्यातले काही बिशप मानतात, म्हणजे वरून नेमलेला मोठा अधिकारी. प्रेस्बिटेरियन लोक बिशप मानत नाहीत. मंडळीनं निवडलेले वडीलजन आणि पाळक मिळून कारभार बघतात. थोडीफार आपल्या गावच्या पंच कमिटीसारखी रचना म्हणा. मुळात हे वळण स्कॉटलंडचं. अमेरिका जेव्हा इंग्रजांची वसाहत होती तेव्हा आयर्लंडहून गेलेल्या फ्रान्सिस मकेमी नावाच्या पाळकानं १७०६ साली फिलाडेल्फियात तिथली पहिली प्रेस्बिटरी उभी करण्यात पुढाकार घेतला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचा गव्हर्नर लॉर्ड कॉर्नबरी यानं, परवाना नसताना उपदेश केला म्हणून मकेमींना तुरुंगात टाकलं. खटला चालला. ज्युरीनं निर्दोष सोडलं, पण खटल्याचा सगळा खर्च मात्र त्यांच्याच गळ्यात मारला! हे सांगायचं कारण असं, की सत्तेनं नको म्हटलं तरी जाऊन बोलायचं, ही या लोकांची जुनी सवय. मुंबईला १८१३ साली अमेरिकन मिशनरी आले, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, त्यांनाही कंपनी सरकार परत पाठवायला निघालं होतं. ते चिकटून राहिले, आणि त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं.

आता आपले वायल्डर. पूर्ण नाव रॉयल गूल्ड वायल्डर. जन्म २७ ऑक्टोबर १८१६, अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात ब्रिडपोर्ट या गावी. व्हर्मांट म्हणजे डोंगराळ, थंड, शेतीवाडीचा मुलूख. जवळच्याच मिडलबरी कॉलेजातून ते १८३९ साली पदवीधर झाले. त्यानंतर काही वर्षं त्यांनी मास्तरकी केली, आधी दूर दक्षिणेला मिसिसिपीत, मग परत व्हर्मांटमध्ये. हा मास्तरकीचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढं जन्मभर हा माणूस आतून मास्तरच राहिला असं दिसतं. मग अँडोव्हरच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून १८४५ साली बाहेर पडले, एलायझा जेन स्मिथ यांच्याशी लग्न झालं, आणि १८४६ मध्ये दोघं हिंदुस्थानात आले. पाठवणारी संस्था होती अमेरिकन बोर्ड. पूर्ण नाव बरंच लांबलचक आहे, आपण बोर्ड म्हणू. (आपल्या परीक्षा मंडळाशी गल्लत करू नका, जरी पुढं त्यांनी वागणूक तशीच दिली.)

नवीन जोडप्याला काम मिळालं अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. तिथं या मिशनचं ठाणं १८३१ पासून होतं. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ साली तिथंच सुरू झालं. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा तिथंच होती. हीच ती शाळा, जी बघून जोतीराव फुल्यांना मुलींसाठी शाळा काढायचं बळ मिळालं, आणि त्यांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली तेव्हा वायल्डर नगरलाच होते. जाता जाता एक सांगायला मला अभिमान वाटतो. जोतीरावांचं नाव आमच्या जोतिबावरून ठेवलेलं आहे. देवाच्या उत्सवाच्या दिवशी जन्म झाला म्हणून जोती. तेव्हा मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की त्यात आमच्या डोंगराचा थोडा वाटा धरायला हरकत नाही!

नगरला सहा वर्षं काढल्यावर, मराठी अंगवळणी पडल्यावर, १८५२ साली वायल्डर नवरा-बायको कोल्हापूरला निघाले. त्या वेळी देशात रेल्वे नव्हती. मुंबई-ठाणे गाडी धावली ती पुढच्या वर्षी, एप्रिल १८५३ मध्ये. कोल्हापूरला तर रेल्वे यायला १८९१ साल उजाडलं. म्हणजे नगर ते कोल्हापूर हा सगळा प्रवास बैलांच्या पायावर. आपण गणपतीच्या सुट्टीत एसटीत उभं राहून आलो तरी किती कुरकुरतो ते आठवा.

कोल्हापुरात त्या वेळी एकही ख्रिस्ती माणूस नव्हता. असणार तरी कसा? अंबाबाईचं हे क्षेत्र, दक्षिण काशी. हाकेच्या अंतरावर जोतिबा. गावानं वायल्डरांचं जे पहिलं स्वागत केलं ते असं, की या माणसाला इथून घालवून द्या म्हणून लोकांनी अर्ज केला. मला या लोकांना दोष द्यावासा वाटत नाही. जरा काळ बघा. फक्त आठ वर्षांपूर्वी, १८४४ साली, गडकऱ्यांनी बंड केलं होतं. सामानगड, पन्हाळा, सगळीकडं आग. कर्नल ओव्हान्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला बंडवाल्यांनी पन्हाळ्यावर कोंडून ठेवलं होतं. मग इंग्रजांनी तोफा लावून डिसेंबरात पन्हाळा घेतला. त्यानंतर गादीवर महाराज असले तरी संस्थानाचा खरा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हातात गेला. पन्हाळ्यावरच्या तोफांचे आवाज ज्यांनी कानांनी ऐकले त्यांना आठ वर्षांनी आलेला गोरा पाद्री आणि तो गोरा फौजवाला यांत फरक कसा दिसावा? हा अमेरिकेचा आहे, याच्या देशानं इंग्रजांशीच लढून स्वातंत्र्य मिळवलंय, हे त्यांना सांगणार कोण!

अर्जाचा उपयोग झाला नाही. वायल्डर राहिले. आता त्यांनी नेमकं केलं काय? दोन कामं. एक म्हणजे गावोगाव फिरून उपदेश करायचा आणि छापलेली पुस्तकं वाटायची. दुसरं म्हणजे शाळा काढायच्या. पहिल्या कामाचे आकडे नंतर त्यांच्या चरित्राच्या नोंदींत छापले गेले आहेत. तीन हजारांवर शहरं आणि खेडी, तीस लाखांवर छापील पानं. आपण इंजिनिअरिंगवाले, आकडा दिसला की कॅल्क्युलेटर काढतोच. भारतातली त्यांची प्रत्यक्ष वर्षं साधारण २५ धरली तर दर तीन दिवसांना एक नवं गाव पडतं, तेही पावसाळ्याचे महिने न वगळता! आणि पानं रोजची सव्वातीनशेच्या वर. पायी, घोड्यावर, गाडीत. आमच्या डोंगरावर दुचाकीनं चढतानाही चौथ्या वळणाला पहिला गिअर टाकावा लागतो. म्हणून तीन हजार गावं या आकड्याकडं मी जरा आदरानंच बघते.

त्यांच्या उपदेशाबद्दल माझं मत विचाराल तर ते मला पटणारं नाही. आमचा देव दगड आहे, हे सांगायला कुणी आमच्या दारात आलं तर आमची आजी त्याला पाणी देईल, भाकरीसुद्धा देईल, पण ऐकून घेणार नाही. कोल्हापूर संस्थानानंही तेच केलं. धर्म बदलणारे लोक फारच थोडे निघाले. एवढं फिरून हाताला लागलेला हिशोब जर बोर्डाच्या वहीत मांडला तर तो तोट्याचाच दिसणार होता.

दुसरं काम मात्र चाललं. शाळांमधून त्यांनी सगळी मिळून तेहतीसशेच्या वर मुलं गोळा केली, त्यांत तीनशे मुली होत्या. तेहतीसशेत तीनशे म्हणजे नऊ टक्के. हसू नका. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात साठात पाच मुली आहोत, म्हणजे साडेआठ टक्केसुद्धा नाही! मुलगी शिकली की नवरा मरतो असं मानणाऱ्या काळातले ते तीनशे आकडे आहेत. मुलींच्या बाबतीत एलायझाबाईंचा वाटा धरायलाच पाहिजे. मिशनऱ्यांच्या चरित्रांत बायकांची नावं एका ओळीत उरकतात, पण घराच्या आतपर्यंत आणि बायकापोरींपर्यंत जाणं त्या काळी बाईलाच शक्य होतं.

आता भांडण. १८५४ साली बोर्डाचे मोठे सेक्रेटरी रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात तपासणीला आले. त्यांच्यासोबत आणखी एक प्रतिनिधी होते. १८५५ पर्यंत त्यांनी इथली ठाणी फिरून बघितली, बैठका घेतल्या आणि एक निर्णय लावला. मिशनचं काम म्हणजे उपदेश आणि स्थानिक मंडळ्या उभ्या करणं. शाळा हे मूळ काम नाही. इंग्रजीच्या शाळा बंद करा. ज्या शाळांत मास्तर ख्रिस्ती नाहीत आणि मुलंही ख्रिस्ती नाहीत त्यांच्यावर पैसा घालवू नका. त्याप्रमाणे मुंबईची आणि नगरची इंग्रजी शाळा बंद झाल्या.

अँडरसन हे काही मूर्ख गृहस्थ नव्हते, हे इथं सांगून टाकते. उलट त्यांचा विचार आजच्या कानांना बराच बरा वाटतो. त्यांचं म्हणणं असं, की इथल्या मंडळीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, स्वतःचा कारभार स्वतः बघावा, स्वतःचा खर्च स्वतः करावा, परदेशी माणसानं कायम डोक्यावर बसू नये. आणि शिकवायचं तर लोकांच्या भाषेत शिकवा. इंग्रजी शिकलेली पोरं पाद्री होत नाहीत, सरकारी कचेरीत कारकून होतात, हा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. दहावीपर्यंत मराठीत शिकून पहिल्या सेमिस्टरला थर्मोडायनॅमिक्सच्या इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेली मी, मातृभाषेच्या मुद्द्यावर अँडरसनांना निम्मे मार्क द्यायला तयार आहे.

पण उरलेले निम्मे वायल्डरांचे. कारण प्रश्न इंग्रजी की मराठी एवढाच नव्हता. प्रश्न असा होता, की जो मुलगा आपल्या धर्मात येणार नाही, त्याच्या बापालाही यायचं नाही, त्याला शिकवायचं का? हिशोबाच्या वहीत अँडरसनांचं उत्तर बरोबर होतं, संस्थेचा पैसा धर्मप्रसारासाठी गोळा झालेला होता. वायल्डरांचं उत्तर वेगळं होतं. शाळा हीच लोकांपर्यंत जायची वाट आहे आणि ती बंद केली तर आपण उपदेश करायचा कुणाला, असा त्यांचा रोख. त्यात त्यांचाही धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो झाकायचं कारण नाही. पण परिणाम काय होणार होता? एकीकडं फळ्यासमोर बसलेलं पोर घरी जाणार होतं, दुसरीकडं बसून राहणार होतं. आणि गंमत बघा, ज्या १८५४ साली बोर्ड शाळांना कात्री लावायला निघालं त्याच साली विलायतेहून वुडचा खलिता आला आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान द्यायचं धोरण ठरलं. म्हणजे सरकार शाळा काढा म्हणून हात पुढं करतंय आणि मिशन शाळा बंद करतंय!

१८५७ साली वायल्डरांची प्रकृती ढासळली आणि त्यांना अमेरिकेला परतावं लागलं. त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात २७व्या पलटणीनं उठाव केला, तो मोडला गेला, आणि महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं, ते तिथंच १८६९ साली वारले. तो सगळा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, इथं थांबत नाही.

अमेरिकेत वायल्डरांना कळून चुकलं की बोर्ड आपल्याला परत पाठवणार नाही. कोल्हापूरचं ठाणं चालवायचंच नाही असं तिकडं ठरलं. आपण कल्पना करा. पस्तिशी उलटल्यावर ज्या गावात घर मांडलं, जिथल्या लोकांनी आधी घालवून द्यायचा अर्ज केला आणि मग हळूहळू पोरं शाळेत पाठवायला लागले, ते गाव एका ठरावानं संपलं. लोकांचा अर्ज जे करू शकला नाही ते स्वतःच्या माणसांनी केलं. दुसरा कुणी असता तर व्हर्मांटला जाऊन एखाद्या चर्चमध्ये शांतपणे नोकरी केली असती. तब्येतीचं कारण होतंच, कुणी नावं ठेवली नसती.

वायल्डरांनी पुस्तक लिहिलं. १८६१ साली न्यूयॉर्कमध्ये ते छापलं गेलं, नाव 'मिशन स्कूल्स इन इंडिया'. बोर्डाच्या हिंदुस्थानातल्या शाळांचा सगळा हिशोब आणि त्यांची बाजू, एका जाड ग्रंथात. वरिष्ठांशी मतभेद असला की आपण कँटीनमध्ये बोलतो, या माणसानं ते छापून बाजारात आणलं! आणि त्याच वर्षी बायकामुलांसह परत कोल्हापूरला आले. या वेळी मागं कुठलंही बोर्ड नाही, ठरलेला पगार नाही. मित्रांच्या आणि हितचिंतकांच्या देणग्यांवर संसार आणि शाळा दोन्ही चालवायच्या. आणि वर्ष कुठलं? १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. घरचेच पैसे मोजून खर्च करत असताना दूरच्या कोल्हापूरला कोण किती पाठवणार?

अशी नऊ वर्षं काढली. सांगायला एक वाक्य, पण नऊ वर्षं म्हणजे आपली सगळी डिग्री दोनदा होऊन एक वर्ष उरतं, केटी न धरता. या काळातच, २ ऑगस्ट १८६३ ला कोल्हापुरात त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. त्याचं नाव लक्षात ठेवा. मराठीतलं लेखनही चालू होतं. तीन शुभवर्तमानांवर त्यांनी भाष्यं लिहिली, बायबलच्या मराठी भाषांतराची सुधारणा करणाऱ्या समितीत काम केलं. ज्या माणसाला बोर्डानं कामातून बाजूला केलं त्यालाच भाषांतराच्या कामात घ्यावं लागलं, यावरून त्यांचं मराठी कसं असेल याचा अंदाज येतो.

शेवटी १८७० साली गोष्ट बदलली, आणि त्याचं कारण कोल्हापुरात नव्हतं, अमेरिकेत होतं. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये १८३७-३८ साली फूट पडून दोन तट झाले होते. ते १८६९-७० मध्ये पुन्हा एक झाले. त्या एकीनंतर त्यांच्या मिशन बोर्डानं कोल्हापूरचं काम आपल्याकडं घेतलं. म्हणजे प्रेस्बिटेरियन मिशन कोल्हापुरात आलं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते आलं नाही, अठरा वर्षं आधीपासून चालू असलेल्या एका माणसाच्या कामावर त्यांनी आपली पाटी लावली. नवीन लोक आले. १८७३ साली रत्नागिरीला ठाणं झालं. (ते कोकणातलं रत्नागिरी हं, आमची वाडी रत्नागिरी नव्हे! पत्त्यात हा घोळ अजूनही होतो, आमच्या घरची पत्रं फिरून येतात.)

आणि काम मार्गी लागलं तेव्हा वायल्डर निघाले. १८७५ साली तब्येत आणि मुलांची शिक्षणं यांसाठी कुटुंब अमेरिकेला गेलं आणि पुढं प्रिन्स्टनला स्थायिक झालं. तिथं १८७८ पासून त्यांनी 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचं मासिक काढलं आणि मरेपर्यंत जवळजवळ दहा वर्षं ते चालवलं. जगभरातल्या मिशनांच्या बातम्या, आकडे आणि टीकासुद्धा. बोर्डांच्या कारभारावर लिहायला ते कचरले नाहीत. जुनी खोड! त्यांच्यानंतर हे मासिक दुसऱ्या संपादकांच्या हाती गेलं आणि पुढं कित्येक वर्षं नावाजलं गेलं.

प्रिन्स्टनच्या घरात रॉबर्ट मोठा झाला. कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा प्रिन्स्टनच्या कॉलेजात शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथं अडीचशे कॉलेज विद्यार्थ्यांचं एक मोठं शिबिर भरलं होतं. रॉबर्टनं तिथं विषय काढला आणि शिबिर संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनच्या कामाला जायची तयारी लिहून दिली. त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट नावाची चळवळ उभी राहिली, आणि पुढच्या काही दशकांत हजारो अमेरिकन तरुण चीन, आफ्रिका, हिंदुस्थान असे जगभर गेले. ही चळवळ चांगली की वाईट यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलता येईल. मला आश्चर्य एवढ्याचंच वाटतं, की तिची सुरुवात करणाऱ्याच्या जन्मगावाच्या रकान्यात कोल्हापूर लिहिलेलं आहे आणि आपल्याला ते माहीत नाही. आपल्याला फक्त तांबडा-पांढरा माहीत! रॉबर्ट नंतर स्वतःही इकडं आला आणि १८९० च्या दशकात पुण्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये त्यानं काम केलं.

शाळा की उपदेश, या भांडणाचा निकाल कागदावर कुणी लावला नाही. पण वायल्डर गेल्यानंतर कोल्हापूर मिशननं काय केलं ते बघा. सांगलीला १८८४ साली ठाणं झालं, मिरजेला १८९२ साली. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला आणि १८९७ पासून तिथं वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. आज त्याला आपण मिरज मिशन म्हणून ओळखतो, आणि आमच्या डोंगरावरच्याही कितीतरी लोकांची ऑपरेशनं तिथं झाली आहेत. कोल्हापुरात एस्तेर पॅटन बाईंच्या नावाची शाळा आहे, आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल आहे, मेरी वॉन्लेस हॉस्पिटल आहे. शाळा, दवाखाने, पुन्हा शाळा. आणि तिथं येणारे बहुतेक लोक अंबाबाईला आणि जोतिबाला जाणारेच. अँडरसन साहेबांनी ही यादी पाहिली असती तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

वायल्डरांना मात्र यातलं फारसं बघायला मिळालं नाही. सत्तरी गाठल्यावर त्यांनी पुन्हा हिंदुस्थानात जायचं ठरवलं. मुलं शिकून मार्गी लागली होती, मासिक दुसऱ्यांच्या हाती सोपवायची व्यवस्था होत होती. तयारी चालू असतानाच १० ऑक्टोबर १८८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले. एकाहत्तरावा वाढदिवस सतरा दिवसांवर होता.

एलायझाबाईंनी बेत रद्द केला नाही. मुलगी ग्रेस माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजातून १८८३ साली पदवी घेऊन बाहेर पडलेली, तिला बरोबर घेऊन त्या परत निघाल्या. १८४६ साली नवऱ्याबरोबर ज्या पहिल्यांदा इकडं आल्या होत्या त्या एकेचाळीस वर्षांनी पुन्हा, या वेळी मुलीबरोबर. मराठी त्यांना नव्यानं शिकावं लागणार नव्हतं. कोल्हापूर आणि इस्लामपूर भागातल्या खेड्यांत या मायलेकींनी पुढची वर्षं काढली, बायका-मुलींना शिकवत.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल